आगवाला

शुवैखच्या भंगारगल्लीत, टायरवाल्या अफगाणाशेजारी
अर्ध्या दिनाराला ओंजळभर मिळाली
पितळी दातेरी चाकं.
रुमानाने ती टोपीवर चिकटवली, गरम गोंदाने.
मी विचारलं, ही काय फिरवतात?
काहीच नाही अब्बा, हे स्टीमपंक आहे.

सव्वीस वर्षं मी वाफेच्या नोकरीत.
खारं पाणी आत, गोडं बाहेर,
मधे चोवीस खोल्या, प्रत्येकीत आधीच्यापेक्षा दाब कमी,
शेवटच्या खोलीत समुद्र चाळीस अंशांवरच उकळतो,
ताप चढलेल्या पोरासारखा.
खरी वाफ दिसत नाही.
पांढरं दिसतं ते तिचं निवणं.
पहिल्याच दिवशी हे शिकवतात,
आणि ज्याने न बघता हात घातला होता
त्याचा हातही दाखवतात.

म्हणजे मला राग यायला हवा होता त्या टोपीचा.

पण रात्रपाळीत मीही वाचलेत हे प्रकार.
शुक्रवारच्या बाजारात किलोवर मिळायची पुस्तकं,
पानांत वाळू.
सुरुवातीची मिश्कील होती:
लंडन, धुकं, एक चक्रम प्रोफेसर,
वाफेवर हिशेब करणारं कपाट.
वीज आलीच नसती तर? एवढाच खेळ.
मग गॉगल आले. मग कमरा आवळल्या.
गोष्ट पातळ होत गेली, पितळ जाड.
फुग्याला लटकून जहाजं आभाळात,
वरच्या डेकवर साहेब, हातात चहा.
चहा कुठून आला, कुणी विचारत नव्हतं.
त्यातलं एक जाडजूड पुस्तक
आमच्या कंट्रोल रूमच्या डुगडुगत्या टेबलाखाली
अकरा वर्षं उपयोगी पडलं.

रुमाना वाचते ती वेगळी.
लागोसची कुणी, मनिलाचा कुणी लिहितो.
जहाज तेच, म्हणाली ती,
पण आता दार खालचं उघडतं.

खालचं?

मग मला सांगावंच लागलं.
बाणकोटचे हसनमियां, माझ्या आजोबांचे वडील,
मुंबई ते बसरा टपालबोटीवर.
हुद्दा: आगवाला. सहीच्या जागी अंगठा.
पापण्यांना केस नव्हते म्हणे,
आणि जेवताना डोळे मिटून घ्यायचे,
घासाचा उजेडही नको वाटायचा.
कुवेतसमोर बोट थांबायची,
पडाव येऊन माणसं घेऊन जायचे,
ते खालीच.
चौदा वर्षं या किनाऱ्यावरून गेले,
किनारा पाहिला नाही.

रुमाना गप्प.
मग म्हणाली, त्यांना गॉगल नव्हता?
मी हसलो. नंतर हसू जागच्या जागी निवलं.

सालमियाच्या हॉलमध्ये त्या शनिवारी
पितळच पितळ, पिसं, घड्याळं, नकली मिशा.
आमची पोरगी उभी
डोक्याला ओला पंचा, डोळ्यांभोवती सुरमा फासलेला,
हातात माझ्या मेंटेनन्स शेडमधलं फावडं
(गेटपास मी स्वतः लिहिला, कारण: शैक्षणिक).
उंच टोपीवाल्या एका मुलाने विचारलं,
तुझी चाकं कुठायत?
वर, तुझ्या मजल्यावर, ती म्हणाली. मी फिरवते.

बक्षीस मिळालं नाही.
परीक्षकांनी लिहिलं: साहित्य कमी.

आमचं युनिट पुढच्या महिन्यात बंद.
नव्या प्लांटमध्ये पडदे आहेत,
पाणी नुसतं ढकलायचं, उकळायचं नाही.
बरंच आहे. स्वस्त पडतं.
वाकलेल्या काट्याचा एक दाबमापक तेवढा
घरी आणलाय, ती टोपीवर लावेल तर लावो,
तो तरी कधीकाळी काहीतरी मोजत होता.

रात्री ती सुरमा धूत बसली, नळ सोडून,
बराच वेळ.
ते पाणी अजून आमच्याच खोल्यांमधलं होतं.
एरवी मी ओरडलो असतो.