खर्चाचा अंदाज

गॅरेज इद्वलचं, अक्षर माझं.
पोर्ट टॅलबटच्या या गल्लीत एकवीस वर्षं
मी माणसं बिलांवरून ओळखते:
ब्रेकसाठी घासाघीस करणारा
आरशावरच्या ओरखड्यापायी मात्र
मुकाट्यानं पाकीट उघडतो.

गेथिन आला तेव्हा
भट्टी बंद होऊन दोन महिने झाले होते.
सत्तावीस वर्षांच्या पाळ्यांचा हिशोब हातात पडला,
त्यातून त्यानं घेतली एक निळी पोर्शे,
चौथ्या मालकाकडून,
दोनच सीट, कापडी छत, साडेसहा हजार पौंड.
बायको म्हणाली, घराचं छप्पर गळतंय.
हा म्हणाला, हिचंही गळतंय.

आणि खरंच गळत होतं.
छताच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात,
करंगळीही जाणार नाही एवढी,
ती पाइनच्या सुयांनी बुजलेली.
पाणी उतरलं थेट सीटखाली.
गाडीचा मेंदू तिथे बसवायची बुद्धी
कुणाला तरी कोरड्या खोलीतच सुचली असणार.
मेंदूचे नऊशे.
सुया काढल्या, त्याचं मी काही लावलं नाही.

मग रेडिएटर. नाकपुड्यांत कुजलेली पानं,
त्यांच्यामागे जाळी खाल्लेली.
मग पाण्याचा पंप.
तिसऱ्या बिलाला इद्वल म्हणाला,
नाकापेक्षा मोती जड होतोय रे.
गेथिन हसला.
दर शुक्रवारी साठ पौंड टेबलावर,
नोटांची तोंडं सगळी एका दिशेला.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगितली होती.
इंजिनच्या पोटात, मधल्या शाफ्टच्या टोकाला
एक बेअरिंग असतं, मनगटी घड्याळाएवढं.
तेल त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही.
टिकलं तर वीस वर्षं टिकतं,
नाहीतर येत्या गुरुवारपर्यंत.
गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात जात नाही तिथे,
म्हणून क्लच बदलतानाच उरकून घ्यायचं.
साडेनऊशे, सगळं धरून.
"क्लच अजून वर्षभर टिकेल की," गेथिन म्हणाला.

टिकला.
क्लच टिकला.

मार्चमध्ये गाडी आली ती
झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज करत.
इद्वलनं तेल काढलं, फिल्टर कापला,
आतल्या कागदाच्या चुण्या
एकेक करून उलगडल्या दिव्याखाली.
चुण्यांत चमक होती.
सुंदर होती, खोटं कशाला बोलू.

इद्वल लोहचुंबकासाठी ड्रॉवर उचकत होता.
गेथिननं ती भुकटी बोटाच्या पेरावर घेतली,
अंगठ्यानं चोळली, उजेडात धरली.
"पोलाद," म्हणाला.
आणि जरा वेळानं,
"चांगलं होतं."
चुंबक सापडलं नंतर.
त्यानंही तेच सांगितलं.

मी अंदाज लिहिला.
इंजिन उतरवणं, उघडणं, जे खरवडलं गेलं ते बदलणं,
आणि उघडल्यावर आणखी काय निघेल
त्याची एक ओळ, जी मी नेहमी बारीक अक्षरात लिहिते.
सहा हजार आठशे, व्हॅट वेगळा.
खाली दोन चौकटी असतात, होय आणि नाही.
त्यानं कागद दोनदा वाचला.
अक्षर छान आहे म्हणाला,
आणि घडी घालून खिशात ठेवला.

गाडी मागच्या अंगणात आहे, ताडपत्रीखाली.
शुक्रवारी तो येतो.
ताडपत्रीचा कोपरा उचलतो,
छताच्या भोकांतून तार फिरवतो,
सुई निघाली तर दाखवायला आणतो.
मग टेबलावर साठ पौंड.
मागचं सगळं फिटलंय, मी म्हणते, हे कशाचे?
"लिही काहीतरी."

जमेच्या बाजूला साठ लिहिते.
'कशापोटी' हा रकाना
सोळा शुक्रवार कोरा आहे.
आज बेरीज केली.
नऊशे साठ.

इद्वलला सांगितलं नाही अजून.