धीर बघायचा

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या माळ्यावर
नवं पुस्तक उघडं: गुळगुळीत, रंगीत, वजनदार.
त्यात राक्षस मरेपर्यंत लढतात.

इलाहीनं पिशवीतून झेरॉक्स काढली,
त्र्याण्णव सालची, कडेला ग्रीसचे ठसे.
"निम्मे पडले की उरलेल्यांचा धीर बघायचा.
दोन फासे."

"जुनं कशाला घुसडतोस मर्दा?"
प्रणोतीनं तलवार आधीच उपसलेली.

अकरा पडले.
चौघं गुहेतून पळाले. पाचवा,
लंगडा, मागं राहिला
भाला टाकून,
नुसता बघत.

पाळी तिची होती.
खाली शिफ्ट सुटली,
पत्रा थरथरायचा थांबला.
"ह्याचं नाव काय?" तिनं विचारलं.

इलाही झेरॉक्स चाळत राहिला,
पाठपोट.