तीन मिलिमीटर

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी
समुद्राकडे उतरणाऱ्या वळणावर
पेडल पायाखालून निघून गेलं,
अंधारात जिन्याची एक पायरी कमी भरावी तसं.
दुसऱ्यांदा दाबलं. तिसऱ्यांदा.
मग खडी, नुसती खडी,
आणि पिवळा झेंडा घेऊन धावत आलेला पोरगा:
बाई, ठीक ना?
ठीक, म्हटलं.
गुडघे मात्र संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच कुणाचे होते.

एरवी मी अँगलसीत शाळेची बस चालवते.
चोवीस पोरं, काटा विसाच्या वर नाही.
एवढी पोरं आवरता येतात मला,
एक लाल हॅचबॅक आवरली नाही.

माब्ली लेथवर काम करते, बोलतेही तशीच.
तिने जुना पॅड काढून चहाच्या कपाशेजारी ठेवला.
एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पत्रा.
पाचर झालीय बघ.
दाबलं की तुझा कॅलिपर जबडा वासतो.
ढिल्या सांडशीने उकळतं पातेलं उचलतेस,
आणि वर विचारतेस, सांडलं कसं?

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर कागदच कागद.
सहा पिस्टनचा, एकाच ठोकळ्यातून कोरलेला,
वजनाला पाखरू,
किमतीला आमचं अख्खं गळकं छप्पर.
गोरोन्वी काही बोलला नाही.
उठला, बादली सरकवून नेमकी थेंबाखाली ठेवून आला.
त्याचं बोलणं तेवढंच असतं.

मुलगी म्हणाली, सोनेरी घे, फोटोत उठून दिसतो.

माब्लीने खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं
आणि माझ्यापुढे धरलं. चाट.
खारट.
शर्यतीच्या कॅलिपरला धुळीचं रबर नसतं.
ते लोक दर शर्यतीनंतर उघडतात, पुसतात,
पुसायला त्यांच्याकडे माणसं आहेत.
तुझी गाडी मेंढ्यांच्या गोठ्यात, समुद्र हाकेवर.
मार्चपर्यंत पिस्टन रुसून बसतील.
आणि सगळं बळ पुढेच लावलंस
तर मागची चाकं काय टाळ्या वाजवणार?

मी मान डोलावली.
रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा तोच कागद काढला.
खोटं कशाला सांगू,
मला तो वळणासाठी नको होता.
त्रेपन्न वर्षांत कुठलीच वस्तू
मी सर्वांत चांगली म्हणून घेतलेली नाही.

घेतला तो चार पिस्टनचा.
राखाडी, कडेला स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा,
बालाच्या आनायरिनकडचा.
म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू,
आता प्रत्येक वळण दोनदा दिसतं म्हणाला,
कुठल्यात वळायचं कळत नाही.
पैसे मोजले, त्यातली दहाची नोट परत केली.
सगळी रबरं नवी घाल, पोरी.
पोरी!

गोरोन्वीने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
कॅलिपरच्या पाठीचा हुबेहूब आकार,
चाकात धरून गोल फिरवला.
अडला.
कुठे अडला?
आत, आरीला. तीन मिलिमीटर.
एवढी आकडेमोड, एवढ्या रात्री, आणि तीन मिलिमीटर!
मी पाना भिरकावला. मेंढ्या ओरडल्या.
तो आत गेला, पट्टी घेऊन आला, पुन्हा मोजलं.
तीनच.

माब्लीने स्पेसर कातून दिले, बोल्ट लांब घातले,
ऑइल नवं, मागचे पॅड वेगळे.
जुन्या धावपट्टीवर मी पॅड बसवले:
तापव, सोड, पुन्हा तापव, पुरतं थांबू नको,
मग निवू दे.
जळक्या रबराचा नाही, वेगळाच वास,
कोऱ्या तव्याचा.
पेडल उंच, टणक,
पायाला खालून कुणी उत्तर देतंय असं.

छप्पर अजून गळतं.
बादली बदलली, मोठी आणली.
ट्रॅक एप्रिलात उघडेल,
ते वळण तिथेच असेल, समुद्रही.
झोपेत माझा उजवा पाय
अधूनमधून गादीत दाबून बघतो.
गोरोन्वी कूस न बदलता विचारतो,
लागला?
बघू, म्हणते मी.