निधीनिक्षेपासह

भुसावळच्या निबंधक कचेरीत पंखा फिरतो,
हवा तिथल्या तिथे.
टोकन एकोणतीस. आम्ही तिघं एका बाकावर,
आप्पांच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच इतके जवळ.
हेमराजच्या मांडीवर सिटी सर्व्हेचा उतारा,
मृत्यूचा दाखला, सात झेरॉक्स.

घर तसं साधंच. आप्पा लोको शेडमध्ये फिटर.
फंडातून दोन खोल्या, मग बोनस-बोनसनं
एक ओटा, आणि एक जिना, जो कुठेच पोचत नाही.
वरचा मजला पुढच्या बोनसला होणार होता.

वकील वाचतात, चष्मा कपाळावर, पाठच आहे त्यांना:
पूर्वेस कोलते यांची भिंत, पश्चिमेस बोळ,
येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत
जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण,
निधीनिक्षेपासह

म्हणजे काय? हेमराजनं विचारलं.
पुरलेलं धन. जुनी भाषा आहे हो,
निघत नाही कुठे काही.
घेणारे तडवीसाहेब हसले.
हेमराजही हसला. तो शेवटचा, नंतरचा.
मी ताईकडे पाहिलं नाही.

एकोणऐंशीचा मे.
आईच्या खोलीचं दार बंद, आप्पा रात्रपाळी सोडून घरी.
पहाटे मागच्या अंगणात कोळशाचं फावडं.
ताईनं माझे डोळे झाकले,
पण तिचीही बोटं तेव्हा लहानच, फटीफटीची.
फडक्यात शेरभर वजन असेल.

मग तिथं लिंबू लागलं.
"लिंबूले पानी टाका व पोरीहो," आई रोज सांगायची,
आणि लोणचं घालायची बाजारच्या लिंबांचं.

आता प्रतिज्ञापत्र, वकील म्हणाले.
वरील तीन वारसांव्यतिरिक्त
मयतास अन्य वारस नव्हते व नाहीत.
इथे सही, तिथे अंगठा.

ताईचा अंगठा मशीन घेईना.
भांडी घासून रेघा गेल्यात मावशी,
पदराला पुसून परत ठेवा.
चौथ्या वेळी घेतला.

बाहेर तडवीसाहेबांनी उसाचा रस सांगितला.
ते मागचं लिंबू फळतं का हो?
नाही, गाडी लावायला जागा हवी होती.
तोडून टाका, हेमराज म्हणाला, काटे फार.

सकाळपासून ताई बोलली नव्हती.
"पानी टाकत जा," ती म्हणाली. "रोज."
आणि आपला ग्लास, बर्फासकट,
तसाच माझ्या हातात दिला.