वजा निम्मे

कोर्ट नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर
टिळेकर वकिलांनी माझ्या मुलीचा हिशेब
पाकिटाच्या पाठीवर करून दाखवला.
वय तेवीस, म्हणजे गुणक अठरा.
पगार एकवीस हजार चारशे.
त्यात चाळीस टक्के भविष्याचे.
मग वजा निम्मे.

निम्मे कसले, मी विचारलं.
ते म्हणाले, अविवाहित होती ना.
कायदा धरून चालतो, निम्मा पगार
माणूस स्वतःवरच खर्च करतो.
तेवढं तुमचं नुकसान नाही.

चौतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवला मी.
जॉब मापात बसला की पुढच्या टेबलावर जातो.
कीस खाली ट्रेमध्ये पडतो,
गरम, निळसर, गुंडाळ्या गुंडाळ्यांचा.
त्याला व्हर्नियर कोणी लावत नाही.

अपघाताबद्दल मला फारसं विचारलं नाही.
डंपर, मानपाड्याचा उतार, रात्रीचे पावणेदोन,
ते सगळं पंचनाम्यात होतं.
विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं,
मयत घरी किती देत होती?
मयत म्हणजे तेजल, हे लक्षात यायला
मला दर वेळी थोडा वेळ लागतो.
बारा हजार, मी म्हणालो.
उरलेल्याचं काय करत होती?
माहीत नाही.
ते टाइप झालं. खाली मी सही केली.

घरी येऊन निशाणी एकतीस काढली,
बँकेचा खातेउतारा, बावीस पानं.
दोन तारखेची बारा हजारांची ओळ मला पाठ होती.
बाकीच्या पहिल्यांदाच वाचल्या,
भिंग लावून, ड्रॉइंगवरची मापं वाचावीत तशा.
साठ रुपये, ज्यूस सेंटर, ऐरोली.
चाळीस, चप्पल दुरुस्ती.
दोनशे नव्वद, रोपवाटिका.
आमच्या घरात एक झाड नाही.
बाराशे, महापालिकेचा तरणतलाव. पुढच्या महिन्यात परत. त्याच्या पुढच्या महिन्यात परत.
आमच्या सात पिढ्यांत कोणाला पोहता येत नाही.

गेलो तिथे. शिकवणाऱ्या बाईंनी फोटो हातात घेतला.
ही ना, सकाळच्या बॅचची.
पहिला महिनाभर कठडाच सोडत नव्हती,
ओरडून ओरडून माझा घसा बसायचा.
मग एक दिवस सरळ खोलात जायला लागली.
मला कळलंच नाही केव्हा.

मी पाण्याकडे बघत उभा राहिलो.
तो वास ओळखीचा होता.
तिच्या केसांना यायचा,
मी समजत होतो ऑफिसच्या एसीचा.

शालनला सांगितलं. ती म्हणाली,
टॉवेल ओला असायचा.
आणि तव्यावरची भाकरी उलटली.

निकाल चार वर्षांनी लागला.
वजा निम्मे, गुणिले अठरा, अधिक अंत्यविधीचे पंधरा हजार.
काही रक्कम मुदत ठेवीत, असा हुकूम.
चांगला निकाल आहे, टिळेकर म्हणाले.
चांगलाच आहे. मी त्यांना चहा पाजला.
मग म्हटलं, निशाणी एकतीसची अजून एक नक्कल काढून द्या,
माझी घड्यांवर फाटली आहे.
आता कशाला, ते म्हणाले.
पण दिली.

एक ओळ अजून लागत नाही.
दर महिन्याच्या सतरा तारखेला
साडेतीनशे रुपये, आर. पी. गांगुर्डे.
सव्वीस महिने, एकदाही खाडा नाही.
गांगुर्डे बाई की बुवा, तेही कळत नाही.
तेजलच्या मैत्रिणींना विचारलं. त्यांनाही माहीत नाही.

त्या वर्षी एका सतरा तारखेला
कुठेतरी कोणीतरी मोबाइल उघडून पाहिला असेल.
पगार उशिरा झाला असेल, म्हणाले असतील.
अठराला पाहिला असेल.
वीसला.