चार मोकळ्या पिना

हैदराबाद नाक्याला, वजनकाट्याच्या अलीकडे
माझं दुकान. वर पत्रा, खाली बाकडं,
डिस्टिल वॉटरचे कॅन आणि सोल्डरच्या धुरानं
पिवळी पडलेली दिनदर्शिका.
दुपारी दोनला, सोलापुरात माणसं
दारं ओढून घेतात तेव्हा,
व्यंकटी दुडमनं ट्रक आणून लावला.

"टेप कंपनीचा हाय. कापायचा नाही, मालक बघतो.
पण हे लाव त्याला."
हे म्हणजे काडेपेटीएवढा प्लेअर,
रबर गुंडाळलेला, कारण झाकण निघतं.

कशाला बे, म्हटलं, नवा बसव की ब्लूटूथचा.
तो म्हणाला, मालक बघतो.

केबिनमध्ये स्टिअरिंग तव्यासारखं.
कंपनीचा टेप बाहेर काढायला किल्ली लागते
आणि ती कंपनी देत नाही.
मी सायकलचे दोन स्पोक वापरतो, टोकं वाकवून,
हुसेनसाबनी शिकवलेले.
दोन्ही बाजूंनी घालायचे आणि झोपलेल्या पोराखालची
चादर काढावी तसं हळू ओढायचं.

पाठीमागं बारा पिनांचं घर.
आठ भरलेल्या:
पिवळी कायमची, लाल चावीची, नारिंगी दिव्याची,
काळी अर्थची, बाकी स्पीकरच्या.
चार मोकळ्या.
कारखान्यात कुणीतरी भोकं ठेवली
आणि त्यात घालायचं ते दिलंच नाही.
एमआयडीसीत अशा शेड आहेत,
मागासाठी बांधलेल्या, माग आलाच नाही.

डावा. उजवा. एक काळी.
चौथी त्याच काळीला जोडून टाकली.
हा टेपला दिलेला चकवा.
दारात कुणी आलंय असं वाटलं
तरच तो कान उघडतो.

चोवीस व्होल्टांचे पाच करणारी डबी
सीटखाली स्क्रूनं आवळली. चावी फिरवली.

गाणं येणार म्हणून मी आवाज वाढवून ठेवलेला.
आली एक बाई.
तेलुगूत, न थांबता,
भांडी घासता घासता कुणी बोलतं तशी.
घासतच होती, ताटली पडल्याचं ऐकू आलं.
मला तेलुगू शेजाऱ्याइतकंच येतं.
गॅस. बुधवार. थोरलीचा दात.
साडेतीनशे दिले की घेतले ते कळलं नाही.
मग मराठीत, बहुतेक शेजारच्या पोरावर:
"हात लावू नको बे, रेकॉर्डिंग चालू हाय!"

व्यंकटी बाहेर टायरला लाथा मारून हवा बघत होता.
एकाच टायरची, चार वेळा.

इंजिन चालू केलं तशी शिट्टी आली.
ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते
आणि बाई तिच्यात बुडते.
हुसेनसाब म्हणायचे, आवाज घाण आला
तर वायरीला शिव्या देऊ नको, अर्थ बघ.
दोन ठिकाणी अर्थ घेतला की दोघं भांडतात.
एकच घे, आणि रंगावर नको,
खरवडलेल्या लोखंडावर घे.

शाळेत सरांनी अर्थ विचारला
की मी बाकाखाली बघायचो.
इथं पॉलिश पेपरनं चेसिसचा रंग काढला,
बोटाएवढी जागा चकाकेपर्यंत,
आणि सगळ्या काळ्या एका बोल्टात आवळल्या.

शिट्टी गेली. सगळी नाही.
गिअर बदलताना अजून एक, बारीक, डासासारखी.

"एवढी राहणार."
"राहू दे. टॉवेल गुवाहाटीला हायत.
आठ दिवस. रोजचं एक भरून दिलंय तिनं."
"आणि येताना? परत पहिल्यापासनं?"
"येताना उलटं," तो म्हणाला. "आठवं आधी."

पैसे देऊन बोरामणीच्या बाजूला निघाला.
फाळक्यावरून एक दोरी लोंबत होती,
ओरडलो, पण काच वर होती.

संध्याकाळी पान्हे मोजताना कळलं,
स्पोक त्याच्या डॅशबोर्डवरच राहिले.
आता सोळा दिवस थांबायचं.