निळं टोपण

वंटमुरीच्या चढाला गाडीनं मान टाकली.
पाठीवर उद्यमबागचं सोळा टन बीड,
पंपांची कवचं, भट्टीचा वास अजून न गेलेली,
आणि समोर दोन काट्यांच्या मधे
तोच पिवळा दिवा:
एक नळकांडं, एक थेंब, खाली दोन लाटा.
तीन दिवस मी त्याच्याकडं
पाहुण्याच्या पोराकडं बघावं तसं बघत होतो,
रडतंय, पण आपलं नव्हे.
त्याखालचा आकडा उतरत होता,
तीनशे, एकशे चाळीस, साठ.
आता शून्य. ॲक्सिलेटर तळाला,
आणि मला ओलांडून गेला
उसाचा ट्रॅक्टर.

हत्तरगीच्या अलीकडं दुंडाप्पाची शेड.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हीत इंजेक्टरची वेगवेगळी चूक.
स्कॅनर घेऊन बाहेर आली त्याची लेक, कस्तुरी,
कानात पेन खोवलेली.
मी म्हटलं, टाकी भरलेली हाय. काटा बघ की.
"किती हाय ते कोण विचारूलाय?
कसला हाय ते सांग."

वायरी आधी बघितल्या तिनं, बोटांनी, डोळे मिटून,
उंदरानं कुठं कुरतडलंय का.
मग बॅटरी घेऊन खाली सरकली.
सायलेन्सरच्या नळीवर, फवारा जिथं आत शिरतो,
तिथं पांढरं काही साचलं होतं,
जुन्या माठाच्या बुडासारखं.
"उप्पु," दुंडाप्पा वाकून म्हणाला.
"मीठ," मी म्हणालो.
"दोघांचं बी चुकलं," गाडीखालनं आवाज आला.

निळं टोपण फिरवून तिनं एक थेंब काढला,
बोटाएवढ्या दुर्बिणीच्या काचेवर ठेवला
आणि रस्त्याकडं तोंड करून
उजेडात धरली.
मलाही दाखवली.
वर निळं, खाली पांढरं, मधे रेघ.
रेघ पाहिजे साडेबत्तीसवर.
ती एकोणिसाच्या जवळ बसली होती,
निवांत, कुणाची वाट बघत असल्यासारखी.

"कुठनं भरलास?"
पंपावरनं, म्हणालो.
ती काही बोलली नाही. काच पुसली.
परत एक थेंब. परत एकोणीस.

कोगनोळीच्या पुढं, झाडाखाली, एक पोरगं,
सील नसलेला कॅन, मागं पत्र्याच्या खोलीत
पिकाला टाकायच्या युरियाची पोती, बाजूला बोअरचा पाइप.
हे मी सांगितलं.
निम्म्या भावात, हेही सांगितलं.
मालकाला पावती पूर्ण भावाची दिली,
हे सांगितलं नाही.

मग टाकी उतरवली, ओतली, धुतली
बॅटरीत घालतात त्या पाण्यानं.
दुंडाप्पाच्या बायकोनं आंघोळीच्या बंबातली घागर आणली.
गरम पाणी पडलं तसं
ते पांढरं विरघळलं, चहात साखर जावी इतकं सहज.
एवढ्याशानं सोळा टन थांबवले होते.
सील तोडून नवा कॅन तिनं माझ्यासमोर ओतला,
फनेलसुद्धा आधी धुतलं.

दिवा तसाच.
"विझला न्हाई की."
"लगेच कसा विझंल? वीसेक किलोमीटर चालव.
एकदा फसलीय ती,
आता सांगून ऐकणार न्हाई, तपासून बघंल."

कानातलं पेन काढून ती बिल करायला बसली.
टाकी सफाई. फवारा सफाई. नवीन डीईएफ, वीस लिटर.
मग एक रकाना, बिघाडाचं कारण.
पेन थांबलं.
"काय लिहू? सेन्सर लिहिते सगळ्यांना.
मालक विचारत न्हाईत."

टोलकडनं हॉर्न येत होते.
शेडच्या मागं दुंडाप्पा
सांडलेल्या पाण्यावर माती ओढत होता.
मी म्हटलं, भेसळ लिही.
तिनं लिहिलं.
मग म्हटलं, कोगनोळी लिही.
तेही लिहिलं.
पेन अजून कागदावरच होतं.

संकेश्वरच्या अलीकडं दिवा गेला.
केव्हा ते कळलं नाही,
एका डंपरला वाट देत होतो.
खिशातलं बिल घामानं ओलं झालेलं,
तिसऱ्या शब्दाची शाई
शर्टाला लागली होती.